लक्ष्मी पठाराचं मूळ

शुक्राच्या ढगांत तरंगणाऱ्या वसाहतीत मृदुला फडतरे पडद्यासमोर बसून होत्या. खाली, लक्ष्मी पठारावरच्या भट्टीत, त्यांचं कंपनमापक यंत्र जेमतेम तासभर टिकणार होतं. पन्नास मिनिटं उलटली, तरी जमीन हलली नव्हती.

"मृदुलाताई, पृथ्वीसारखे सरकणारे भूपट्ट इथे नाहीत," वसाहतप्रमुख लोबो म्हणाले. "पठाराला खालून तापलेला खडकच ढकलतोय. उद्या तो फुटला, तर वसाहत बांधून ठेवायला आपण पठारात टाकणार त्या नांगराचं काय?"

"तो केव्हाच वितळून वर आला आणि थिजला. म्हणून तर कवच जाड झालं. खाली उरला तो हलका, टणक चोथा. पठार त्याच्यावर तरंगतंय."

वीस वर्षं त्या हेच सांगत होत्या आणि परिषदांमध्ये लोक हसत होते.

सत्तावन्नाव्या मिनिटाला पडद्यावरची रेघ थरथरली. दूर कुठेतरी भूकंप झाला होता. तापलेल्या, मऊ खडकातून त्याच्या लाटा रेंगाळत आल्या असत्या. पण या सुसाट आल्या, पठाराखाली दोनशे किलोमीटर खोलवरून! दोनच मिनिटांत यंत्र बंद पडलं.

लोबोंनी आकडे दोनदा वाचले आणि ध्वनिक्षेपक उचलला. "नांगर सोडा!"

संध्याकाळी नांगर पठारात रुतला. वसाहतीला हिसका बसला आणि बाहेर प्रचंड घोंघाट उठला. आजवर वाऱ्याबरोबर वाहताना त्यांना वारा कधी ऐकूच आला नव्हता. चारशे माणसं टाळ्या पिटत होती आणि मृदुलाताई डोळे मिटून तो घोंघाट ऐकत होत्या.