गप्प बसलेल्या बाईचा आवाज

"ही माझ्याबद्दल वाईटसाईट बोलते," मेकॅनिकनं शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवत डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "माझी पाठ वळली की सुरू."

बायकोनं तोंड उघडलं नाही. कित्येक दिवस तिनं घरात अबोलाच धरला होता. बोललेच नाही तर माझा आवाज ऐकू येईल कुठून, असा तिचा साधा हिशेब. पण झालं भलतंच. तोंडावर अबोला आणि भिंतीआडून शिव्या, बाई काय कावेबाज बघा, असं नवरा जगाला सांगत सुटला. आज निघताना तर त्यानं बजावलं होतं, की परत आलो की मी वेगळी खोली बघतो.

डॉक्टरीणबाईंनी समजावून पाहिलं. मनातलं बोलणं आपलंच, हे मेंदूला एरवी कळतं. या आजारात, सायकोसिसमध्ये, कधी ती ओळखच चुकते आणि आतला आवाज बाहेरून आल्यासारखा वाटतो. कारण एकच असं नसतं. थोडं रक्तातून येतं, थोडं जागरणानं, थोडं जिवाला लागलेल्या घोरानं. गोळ्या आणि नियमित भेटी, यांनी बहुतेकांना ऐकू येणारा आवाज हळूहळू ओसरतो.

मेकॅनिकनं गोळ्यांचं पाकीट परत सरकवलं. "बोलते ही, आणि गोळ्या मी खायच्या?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. मग खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, की गाडीत खडखड होते ती नेमकी कुठून, हे तुम्ही कसं ओळखता?

"कानावर भरवसा ठेवून भागत नाही. पुढून आल्यासारखी वाटते आणि निघते मागून. हात लावून बघायचं. जिथं आवाज, तिथं थरथर."

एवढं बोलून तो थांबला. उठला, आणि त्यानं बायकोच्या गळ्यावर हात ठेवला. डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. बायको घाबरली, पण जागची हलली नाही.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?" इतक्या दिवसांनी तिचा आवाज घोगरा निघाला. "आपल्या घरी चला, एवढंच म्हणते."

त्याच्या तळव्याला थरथर लागली. त्यानं मान हलवली. ती गप्प झाली. तो मात्र हात न काढता ऐकतच राहिला. कपाळावर आठ्या पडल्या. बोटं जरा सरकवून त्यानं पुन्हा पाहिलं.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "हिचा आवाज येतोय. आणि ही गप्प आहे."