गुरुवारचं दुखणं

डॉक्टर निवेदिता मॅडमच्या टेबलावर ओजस गाढ झोपला होता, आणि केयूरला पोटच्या पोराचा राग आला होता.

"मॅडम, घरून निघताना निळा पडला होता," तो म्हणाला. "रडून रडून. दूध घेत नाही, घेतलं तर ओकतो. धनुष्यासारखा मागे वाकतो."

"आणि आता?"

"रिक्षात बसलो आणि झोपला."

मॅडमनी पोट दाबलं, कानात बघितलं, जुने रिपोर्ट चाळले. रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. मग त्यांनी चष्म्यावरून आईबापाकडे पाहिलं. तपासायचे राहिलेत ते हे दोघंच, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

"निदान होत नाहीये, हे मी कबूल करते. आठवडाभर कमावलेलं वजन हा एका दिवसात घालवतो. एकच दिवस आहे म्हणून निभतंय. वाढलं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल."

नळीचं ऐकून ओजसच्या आईने, स्वरूपाने, त्याला उचललं आणि घरी येईपर्यंत छातीशी धरून ठेवलं.

तो एक दिवस म्हणजे गुरुवार. चाकणच्या कंपनीत केयूरला सुट्टी गुरुवारची, त्यामुळे घरात पहिला संशय त्याच्यावरच.

"तू घरात असलास की लेकरू बिथरतं," त्याची आई इंदुताई म्हणाल्या. त्या परभणीहून नातवासाठी आल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी केयूरला मित्राकडे पुनावळ्याला पाठवून दिलं. ओजसला काहीच फरक पडला नाही, तो रडला. मग स्वरूपाचा गुरुवारचा उपास बंद झाला, कारण साबुदाणा दुधात उतरतो म्हणे. ओजस रडला. इंदुताईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, चटणीचे दाणे मिक्सरला लावले, आणि ओजस गप्प झाला.

"बघ," मिक्सरच्या वर आवाज काढत त्या म्हणाल्या. "नजर होती."

चटणी झाली, मिक्सर थांबला, ओजसने पुन्हा सूर लावला.

"समोरचीची नजर लई जबर हाय बाई," इंदुताई म्हणाल्या, आणि त्यांनी मीठ वाढवलं.

केयूर क्वालिटी विभागात होता. कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारून मूळ शोधायचं, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. रविवारी दुपारी फर्स्ट शिफ्टहून येऊन त्याने बूटही काढले नाहीत.

"पोरगा रडतो. का? नसा ताणल्यात. का?"

स्वरूपाने मागच्या खिडकीकडे बोट केलं. बिल्डिंगच्या कंपाउंडला लागूनच दौलतरावांचं प्रेस शॉप होतं, पत्रा ठोकून पार्ट काढणारं. धाड. धाड. धाड. तिन्ही शिफ्ट. मांडणीतले पेले त्या तालावर किणकिणायचे.

"पण गुरुवारी ते बंद असतं," ती म्हणाली.

"तेच तर. सहा दिवस नसांवर मार बसतो, सातव्या दिवशी आवाज थांबतो, आणि आत दाबलेलं सगळं बाहेर पडतं. आमच्या लाइनवरची पोरं बघ. ओव्हरटाइमभर ठणठणीत, ऑफ आला की तापाने फणफणतात."

हे इतकं पटण्यासारखं होतं की उरलेले 'का' विचारायचेच राहिले. पाळण्यात ओजस पोट वर करून घोरत होता.

दौलतराव इथलेच, मोशी गावचे जुने रहिवासी. बिल्डिंगची जमीनही त्यांनीच विकलेली.

"आमचा प्रेस तुमच्या बिल्डिंगच्या आधीचा हाय, साहेब," ते केयूरला म्हणाले. "माझी नातवंडं याच आवाजात मोठी झाली. एकानं तरास दिला न्हाई. खुशाल झोपायची."

"तुमची नातवंडं वेगळी. माझ्या मुलाच्या नाकात नळी घालायची वेळ आलीय."

"आन् माझी कामगार माणसं कुठं घालू?"

केयूर पेटला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, सरकारी ऑफिसांत अर्ज दिले, आणि शेवटी ओजसला घेऊन सगळे प्रेसच्या गेटसमोर बसले. लोकल चॅनेलवाला कॅमेरा घेऊन आला.

"बाळाला जरा रडवता का? त्रास दिसला पाहिजे."

धाड. धाड. ओजस बापाच्या खांद्यावर लाळ गाळत झोपला होता. स्वरूपाने त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, इंदुताईंनी टोपी काढली. तो झोपेतच हसला. शेवटी चॅनेलवर केयूरचा रडका चेहरा दाखवला, खाली पट्टी: 'चिमुकल्याचा आक्रोश'.

पट्टीने काम केलं. प्रेस हलवायची नोटीस आली. दौलतरावांनी थोडे दिवस धावपळ केली, मग खेडच्या पुढे जागा बघितली. शनिवारी सकाळी क्रेन आली आणि प्रेस उचलून ट्रेलरवर ठेवले. जाताना ते गेटपाशी थांबले.

"पोरगं बरं होऊ दे तुमचं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

शेडचे पत्रेही उतरवले. संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सोसायटीने केयूरला शाल-नारळ दिला. खाली बँजो वाजत होता, बाजूला जनरेटर धडधडत होता, आणि ओजस आजीच्या मांडीवर मजेत झोपला होता.

"सुटला बाई माझा राजा," इंदुताईंनी कडाकडा बोटं मोडली.

ते वर आले. ओजसला पाळण्यात ठेवलं. केयूरने शाल काढून खुर्चीवर टाकली आणि मागची खिडकी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, सताड उघडली. मांडणीतले पेले हलत नव्हते.

"किती शांत," स्वरूपा हळूच म्हणाली. "अगदी गुरुवारसारखं."

"आता रोजच," केयूर म्हणाला.

पाळण्यात ओजसने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि छाती भरून श्वास घेतला.