दिवसाउजेडीची भाकरी

"दिवस मावळला की अन्नाला शिवायचं नाही हं, आपला जैनांचा नेम आहे," चौऱ्याहत्तर साली सांगलीला कॉलेजात पाठवताना आईनं बजावलं होतं. वसतिगृहात जेवण रात्री आठला. धन्यकुमारनं वर्षभर रात्री उपाशी काढल्या, पास झाला, पण आणखी उपास नको म्हणून कॉलेज सोडायला निघाला.

स्वयंपाकाच्या अंबूबाई म्हणाल्या, "जाऊ नगंस लेकरा. दिवसाउजेडी जेवाय घालीन, शब्द हाय माझा."

दुसऱ्या दिवशी पाचलाच त्यांनी गरम भाकऱ्या केल्या. पण वसतिगृहातला कृष्णात आणि त्याचे दहा दोस्त आधीच ताटं घेऊन हजर!

"आमीबी नेम धरलाय, मावशी."

"मग रातचं जेवण बंद?"

"आवं, एकदम कसं? नेम नवा हाय!"

भाकऱ्या संपल्या. धन्यकुमारनं पुन्हा ट्रंक भरायला घेतली.



तिसऱ्या दिवशी चारलाच अंबूबाई पदराखाली दोन भाकऱ्या झाकून, कुणाला चाहूल न लागू देता, त्याच्या खोलीकडे निघाल्या.