बिजली आणि अस्वल

नवे मिळालेले पाच पॉइंटही श्रुतिकाने धनुष्यावरच टाकले. ताकद दोन, जीव तीन आणि धनुष्य एकेचाळीस. कॉम्प्युटरच्या खेळात अशी तिरंदाज अख्ख्या बालाघाटात कोणी बनवली नसेल, हे तिचं ठाम मत. नाव ठेवलं होतं बिजली. पियुषदादाचं मत वेगळं होतं. खेळाची सीडी नागपूरहून त्यानेच आणलेली, त्यामुळे मत द्यायचा हक्कही त्याचाच. कोचिंगला जाता जाता तो म्हणाला होता, की तुझी बिजली लांबून राणी आहे, पण कोणी जवळ आलं तर एका चापटीत जाईल. जवळ येऊ देईन तेव्हा ना, असं म्हणून श्रुतिकाने त्याला वाटेला लावलं होतं.

आणि बिजली गेली तर गेलीच. श्रुतिकाने मोठ्या तोऱ्यात सगळ्यात अवघड पातळी निवडली होती. तिथे मेलेला परत उठत नाही, तीन आठवड्यांची मेहनत पुसून जाते. लढाई चालू असताना खेळ थांबवता येत नाही, आणि मधेच मशीन बंद केली तरी मेली असंच धरतात.

अस्वल आलं तेव्हा चार वाजले होते. बिजली खिंडीत. मागे कडा, समोर ते. श्रुतिका तिला मागे मागे सरकवत बाण सोडत गेली. मागे सरताना नेम चुकतो. विसातले सात बाण उरले, आणि मग सरकायला जागाच उरली नाही.

तेवढ्यात बाहेरचं फाटक वाजलं.

बाबा जंगल खात्यात नाकेदार. शनिवारी परसवाड्याहून सहाच्या बसने यायचे, आज चारलाच आले. तसे कमी बोलणारे, पण कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी एक गोष्ट बोलून ठेवलेली. हा अभ्यासासाठी आहे. खेळ दिसला की दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे परत. श्रुतिकाची दहावीची परीक्षा वीस दिवसांवर होती.

ते हातातल्या पिशवीसकट सरळ आत आले आणि त्यांनी भिंतीवरच्या बटनावर बोट ठेवलं.

"बाबा, बंद नका करू. मरते ती."

"कोण मरते?"

श्रुतिकाने माऊस सोडला नाही. नुसती हनुवटी पुढे केली. बाबांनी पडद्याकडे पाहिलं. काळं, केसाळ, मान खाली घालून डोलत येणारं. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

बाबांच्या मानेवर मागून, कानापासून सदऱ्याच्या आत, एक खोल वण गेलेला आहे. आई तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते आणि सांगते, की लग्नाच्या आधी जंगलात अस्वल अंगावर आलं, तर यांनी कुऱ्हाड घेऊन समोरासमोर त्याला पळवलं. ही गोष्ट सुरू झाली की बाबा उठून सायकल पुसायला जातात. स्वतःची तारीफ ऐकवत नाही त्यांना, असं घरात सगळे धरून चालतात.

श्रुतिकाने बाण सोडला. तो दगडाला लागला. सहा. डावीकडे कड्याला लागून एक अरुंद वाट होती, तिने बिजलीचं तोंड तिकडे वळवलं.

"पळू नको," बाबा म्हणाले.

तो आवाज तिला ओळखू आला नाही.

"पण बाबा, तिकडं वाट आहे."

"हौ, दिसते मले. पळाली का पाठ भेटते त्याले. थांब तू. ते अगोदर उभं राह्यते."

अस्वल दहा पावलांवर आलं. बोट बाण सोडायला शिवशिवत होतं. बाबा हळूच म्हणाले, आता नाही. पाच पावलांवर आलं. आता नाही. श्रुतिकाच्या मनात आलं, हा तर खेळ आहे, ज्याने बनवला त्याने खरं अस्वल कधी पाहिलंही नसेल, आणि आपण बाबांचं ऐकून बिजलीला मारून बसणार.

ते उभं राहिलं. मागच्या दोन पायांवर, पंजे वर करून. छातीवर पांढरा पट्टा दिसला.

या वेळी बाबांचं 'आता नाही' आलं नाही. तिने बाण सोडला. पट्ट्याच्या मधोमध. दुसरा सोडला. पंजा खाली आला आणि बिजलीच्या तीन जीवांतला एकच उरला. तिने तिसरा सोडला.

अस्वल आडवं झालं.

श्रुतिका खुर्चीतून उठलीच. पाहिलं का बाबा, एक जीव राह्यला होता फक्त, असं म्हणत ती वळली. बाबा पडद्याकडे पाहत नव्हते. पाठ भिंतीला घट्ट लावून उभे होते. हातातली पिशवी कधी सुटली ते त्यांनाही कळलं नसावं; पेरू खोलीभर झाले होते.

"तुम्ही बी असंच पळवलं होतं ना?" तिने विचारलं. "ते उभं राह्यल्यावर?"

बाबा खाली बसले. एकेक पेरू उचलून पिशवीत टाकू लागले. दोन खाटेखाली गेले होते, ते काढायला त्यांनी वाकून डोकं आत घातलं.

"मी पळालतो," खाटेखालून आवाज आला.

मग कुऱ्हाड, असं काहीतरी श्रुतिका पुटपुटली.

"कुऱ्हाड माह्यासंगच्या भोजराजजवळ होती. तो थांबलता."

हे नाव तिने या घरात याआधी कधी ऐकलं नव्हतं.