खटक्याचा कच्चा आवाज

खटक्या आज पळणार नव्हता. निदान गेल्या शनिवारपर्यंत तरी प्रबोधने तसंच लिहिलं होतं.

खटक्या म्हणजे कार्टूनमधला रोबो. चोर, थापाड्या, आणि यंत्र दिसलं की पाघळणारा. एका लिफ्टवर भाळला. ती लाजून वर गेली, तोवर हा जिन्याने खाली. कॉफीच्या मशीनला लग्नाचं वचन दिलं आणि तिच्या पोटातली चिल्लर घेऊन पसार झाला. वॉशिंग मशीनशी तर साखरपुडा ठरला होता. ती आनंदाने गरगरली, तेवढ्यात हा मागच्या दाराने गेला. सिंगापुरात बनणाऱ्या या मराठी कार्टूनवर २०१४ साली ठाण्यापासून नागपूरपर्यंतची पोरं जेवणं विसरायची.

या साऱ्या फसलेल्या बायांचा आवाज सुलेखाचा. खटक्याचा आवाज मुंबईच्या विक्रांतचा. हा नट एवढा मोठा की त्याचा ड्रायव्हरसुद्धा लोकांना सह्या द्यायचा.

संवाद प्रबोधचे. आठवडाभर तो आयटी कंपनीत मान मोडायचा आणि उरल्या वेळात खटक्याची लफडी लिहायचा. सुलेखा त्याला फार आवडायची. पण स्वतःच्या तोंडाने त्याने तिला ‘चहा घेणार?’ याच्या पुढचं काही विचारलं नव्हतं. पुढचं सगळं खटक्या विचारायचा.

लिहिलेले संवाद आधी प्रबोधलाच वाचून द्यावे लागत. या वाचनाला स्टुडिओत कच्चा आवाज म्हणत. त्यावर चित्रकार खटक्याचे ओठ हलवत. विक्रांतचा पक्का आवाज आला की कच्चा पुसून टाकत. सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या भाड्याच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात शिरून, शर्टांत तोंड खुपसून प्रबोध ते वाचायचा. घरमालकीण मिसेस टॅनला वाटायचं, भाडेकरू देवाशी बोलतोय. ती बिचारी टीव्ही बारीक करायची.

शनिवारी सुलेखा काचेच्या खोलीत हेडफोन लावून उभी राही. प्रबोध काचेबाहेर. बाहेर फक्त तिचं बोलणं ऐकू येई. ती डोळे मिटायची, हसायची, कधी चक्क लाजायची. ‘विक्रांत लेका, नशीब काढलंस,’ असं पुटपुटत प्रबोध घरी जायचा आणि खटक्याला आणखी हलकट करायचा. मुंबईचा आवाज नेमका कधी येतो, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. लेखक माणूस, विचारण्यापेक्षा कल्पना करणं त्याला सोपं.

आजचा भाग शेवटचा होता. पुलाउ उबीन बेटावर माणसं नेणारी म्हातारी लाकडी बोट, बमबोट, खटक्याच्या प्रेमात पडते.

“या वेळी तरी त्याला पळवू नकोस रे,” सुलेखा महिन्यापूर्वीच म्हणाली होती. “आईने मेलबर्नचं स्थळ आणलंय. शेवटचं रेकॉर्डिंग झालं की उत्तर देते म्हटलंय.”

प्रबोधने धीर केला. खटक्या बोटीत चढतो, असं लिहिलं. तसंच कपाटात बसून वाचलं. रेकॉर्डिंग संपलं की हॉकर सेंटरमधल्या एखाद्या खाण्याच्या टपरीवर आपणही विचारायचं, असं ठरवलं.

पण गेल्या शनिवारी हेडफोनमध्ये काहीतरी ऐकून ती अशी हसली की प्रबोध विक्रांतवर जळला. घरी येऊन त्याने शेवट फाडला, नवा लिहिला आणि पुन्हा कपाटात शिरला.

आता काचेपलीकडे सुलेखा डोळे मिटून उभी होती. कागदावर तिची नजरही नव्हती.

“बारा माणसं जमल्याशिवाय मी सुटत नाही,” बोट म्हणाली. मग सुलेखा थांबली, ऐकलं आणि खुदकन हसली. तिथे खटक्याचं वाक्य होतं: ‘अगं, मी बारा गावचं पाणी प्यालोय, म्हणून तर गंजलोय. मलाच बारा धर. म्हणून तर गंजलोय.’

“मग येशील ना माझ्याबरोबर?” सुलेखाने विचारलं. बोटीच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

तिने ऐकलं. हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. इथे आता नवं वाक्य होतं: ‘छे गं, मला पाणी चालत नाही. दुसरा कुणीतरी बघ.’

“सुलेखा, लाइन तुझी आहे,” श्रीनिवास रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“हो रे, माहितेय.” तिने वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. हेडफोन खुंटीला अडकवले आणि बाहेर येताच फोन लावला.

“आई, मेलबर्नवाल्यांना हो म्हणून कळव. नाही गं, रडत नाहीये. एसी आहे इथे.”

प्रबोधने ते ऐकलं. काहीतरी बोलायला हवं होतं. जे बोलायला नको होतं, नेमकं तेच तो बोलला.

“विक्रांतला सांगितलंस? त्याला वाईट वाटेल.”

“त्याचा काय संबंध?”

“एवढी वर्षं त्याचा आवाज कानात घेऊन लाजतेस की! मला काचेतून दिसत नाही होय?”

सुलेखा हसायला लागली. मग त्याचा चेहरा पाहून थांबली. श्रीनिवास उगाचच वायरी गुंडाळू लागला.

“मुंबईचा आवाज सगळ्यांत शेवटी येतो, प्रबोध. माझं काम झाल्यावर. मी तो टीव्हीवरच ऐकते. माझ्या कानात पहिल्या भागापासून तुझा कच्चा आवाज असतो.” तिने पर्स खांद्याला लावली. “विचारायचास तू. आणि दर वेळी मी हो म्हटलं की पळून जायचास, तोही तूच.”