फळ्यावरचा मासा

आमिषाच्या दुकानदाराने बाहेरच्या फळ्यावर रोजच्यासारखं लिहिलं : "पाणी निवळ. ओहोटी लागताना धक्क्यावर मासा जोरात लागतोय." खडू फळ्याच्या कडेला ठेवून तो आत आला.

मासा कसला लागतोय, डोंबल! मोठ्या जहाजांसाठी बंदराचा तळ खरवडून काढला, तेव्हापासून धक्क्यापाशी खेकड्यांशिवाय काही उरलं नव्हतं. पण हौशी मंडळी सुट्टीला यायची, फळा वाचायची, कोळंबी आणि दोर विकत घ्यायची. रिकाम्या हाताने परतताना बोल लावायची ती नशिबाला, दुकानाला नाही.

तेवढ्यात त्याचे वडील धक्क्यावरून आले. रिकामी बादली त्यांनी खाली ठेवली आणि गळाची काठी टेबलावर आडवी टाकली.

"विकून टाक ही."

"का हो बाबा?"

"आमिष खाऊन जातात आणि माझ्या बोटाला पत्ता लागत नाही. रोज तेच. वर काढावा तर गळ कोरा. पूर्वी नुसतं तोंड लावलं माशाने, तरी दोरावर कळायचं मला." त्यांनी तर्जनी अंगठ्यावर घासून पाहिली. "हात गेला माझा."

खेकडे होते ते. मुलाला ठाऊक होतं. बाबांनाही एरवी पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण त्यांनी स्वतःच्या बोटापेक्षा फळ्यावर विश्वास ठेवला होता.

सांगून टाकावं, अगदी ओठांवर आलं त्याच्या. पण शेजारी दोर निवडणारं एक जोडपं कान देऊन ऐकत होतं.

"आजोबा, मासा नाहीये का मग इथे?" बाईने विचारलं.

मुलगा गल्ल्यातली चिल्लर मोजू लागला. वडीलच म्हणाले, "माझ्याकडे बघून माघारी जाऊ नका, बाई. मासा आहे. समुद्राबद्दल खोटं लिहायचा नाही माझा मुलगा. मीच शिकवलंय त्याला."

"मग कोळंबीची दोन पाकिटं द्या," तिचा नवरा खुशीत म्हणाला.

मुलाला स्वतःची किळस आली. तरी त्याने फ्रीज उघडला आणि दोन पाकिटं काढून दिली.

जोडपं बाहेर पडताना नवऱ्याच्या पाठीवरची पिशवी फळ्याला घासली. अर्धी ओळ पुसली गेली. ते हसत हसत धक्क्याच्या दिशेने गेले. काठी टेबलावरच सोडून त्यांच्यामागून वडीलही निघाले, पण फळ्यापाशी थबकले.

त्यांनी खडू उचलला. 'मासा जोरात लागतोय' ही अक्षरं ते एकेक करून, वळणदार गिरवू लागले.

मुलगा काचेतून बघत राहिला. बाबांचा हात जरासुद्धा कापत नव्हता.