हयातीचा दाखला

उकंडराव गेल्याची बातमी उकंडरावांनी स्वतःच ऐकली, मंगरूळपीरच्या भर बाजारात, लाउडस्पीकरवर.

बँकेतून ते नुकतेच बाहेर पडले होते. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण हयात आहोत असं सही करून द्यावं लागतं, ते काम उरकलं होतं. पासबुक भरून घेतलं होतं. गंगूबाई कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी घासाघीस करत होती. इतक्यात मैदानातल्या सभेतून आवाज आला.

"इंझोरीचे उकंडराव. तीस वर्षं उन्हातान्हात सरकारच्या रस्त्यावर डांबर टाकलं त्यायनं. आन् सरकारनं काय केलं? ऑगस्टपासून पेन्शन बंद. त्या धक्क्यानं मानूस गेला. उद्या तुमचा नंबर हाये."

गंगूबाईच्या हातातली जुडी हातातच राहिली. "तुमचंच नाव घेऊन राह्यला तो."

दोघं मैदानात शिरले. मंचाच्या मागे दहा फुटी फ्लेक्सवर उकंडराव हसत होते. फोटो अकरा वर्षांपूर्वीचा, निरोप समारंभाचा. साहेबांनी घातलेला हार गळ्यात तसाच होता. खाली ठळक अक्षरं होती, 'कालकथित उकंडराव, पेन्शनबंदीचा पहिला बळी'. माईकवर जगदेव होता, निवडणुकीला उभा असलेला. पुढच्या खुर्च्यांवर सगळी पिकल्या केसांची माणसं बसली होती, निवृत्त मास्तर, पोस्टमन, शिपाई. कार्यकर्ते त्यांच्याकडून भराभर पक्षाच्या फॉर्मवर सह्या घेत होते. फॉर्म भरला तर पेन्शन वाचेल, असं सांगत होते.

जन्मात उकंडरावांनी माईक धरला नव्हता. निरोप समारंभात दोन शब्द बोला म्हटलं, तेव्हाही नुसते हात जोडले होते.

"चाल घरी," ते म्हणाले. "मोठ्या लोकायच्या नादी कायले लागाचं?"

गंगूबाई जागची हलली नाही. "तुमी गेले, त मी कोन झाली?"

उकंडरावांनी पासबुक मुठीत घट्ट धरलं आणि गर्दीत खांदा घातला. आधी हळू, मग माणसं बाजूला सारत. मंचाच्या पायरीवर एका कार्यकर्त्यानं अडवलं.

"बाबा, खाली बसा. कार्यक्रम चालू हाये."

"माहाच कार्यक्रम हाये," उकंडराव म्हणाले आणि वर चढले.

जगदेवनं त्यांना ओळखलं नाही. कुणी म्हातारा आशीर्वाद द्यायला आला असेल म्हणून त्यानं हसत माईक पुढे केला.

"मी उकंडराव. इंझोरीचा. मी मेलो नाई."

मैदान एकदम खळबळलं. जगदेवनं माईक ओढून घेतला. "हा विरोधकायनं पाठवलेला मानूस हाये. उतरवा त्याले खाली." दोघांनी उकंडरावांचे दंड धरले.

"थांबा. मले पाहू द्या."

तिसऱ्या रांगेतून एक उंच म्हातारा उठला होता. तांड्यावरचा हेमसिंग. उकंडरावांबरोबर बावीस वर्षं एकाच गँगमध्ये रस्त्यावर राबलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लोकांनी हात धरून त्याला वर आणलं. त्यानं उकंडरावांचा चेहरा पाहायचा प्रयत्नही केला नाही. डावा हात धरला, बाही वर सारली आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवली. जळल्याची जाड, सुरकुतलेली खूण होती.

"उकळतं डांबर सांडलं होतं," हेमसिंग म्हणाला. त्याचा आवाज माईकशिवायही मागपर्यंत गेला. "कारंज्याच्या रस्त्यावर. मीच पानी ओतलं होतं याच्यावर. हा उकंड्याच हाये." धरलेला हात त्यानं सोडला नाही. "दोन दिवस झाले, तू गेल्याचं आयकून घास उतरला नाई मले."

दंडावरचे हात आपोआप सुटले.

आता उकंडरावांना कुणाचीच भीती वाटेना. पुढच्या खुर्चीवर एक निवृत्त मास्तर बसले होते. उकंडरावांनी खाली वाकून त्यांच्या हातात पासबुक दिलं, जगदेवच्या हातातला माईक काढून त्यांच्यापुढे धरला. "वाचा गुरुजी. फक्त पेन्शन वाचा."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "ऑगस्ट. जमा."

"सप्टेंबर," ते म्हणाले, आणि चारदोन म्हाताऱ्यांनी त्यांच्यासोबत म्हटलं, "जमा."

"ऑक्टोबर."

"जमा," सगळं मैदान म्हणालं. मंडपाचं कापड थरथरलं. बाजारातली माणसं दुकानं टाकून बघायला धावली.

"आता आपापलं पासबुक काढा," उकंडराव म्हणाले. आपलाच आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "ज्याची पेन्शन बंद झाली असन, त्यानं हात वर करा."

पासबुकं निघाली, मोबाइलवरचे मेसेज निघाले. एकही हात वर गेला नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कार्यकर्त्याच्या हातातून आपला फॉर्म ओढून घेतला आणि फाडला. तिच्यामागून दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. "आमाले त हे गेल्याचं मोबाइलवरच आलं होतं," असं काहीतरी पुटपुटत जगदेव मंचाच्या मागच्या बाजूनं उतरला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. सगळे उकंडरावांना हात लावायला धडपडत होते.

हेमसिंग मंचाच्या कडेला बसला होता. त्यानं खिशातून फोन काढून गंगूबाईपुढे धरला.

"वहिनी, वाशिमच्या दवाखान्याचा नंबर लावून द्या. परवाचाच हाये, वरच दिसन. सोमवारी ऑपरेशन होतं माह्या डोयाचं. पेन्शनच बंद होते म्हनल्यावर मी नाव काढून टाकलं."

फोन लागला. पलीकडच्या मुलीनं नाव पुन्हा लिहून घेतलं आणि विचारलं, परवा नाही म्हणालात, आता काय झालं?

हेमसिंगनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"मेलेला दोस्त हातानं चाचपला बाई. आता डोयानं पाहाचा हाये."